तिरंगा आणि खारा वारा: कोकणातल्या वाडीवस्तीवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्ट उजाडला की वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच तेच प्रश्न फिरायला लागतात, आणि त्यांची निम्मी उत्तरं ठोकून दिलेली असतात. शाळा, ग्रामपंचायत, मच्छीमार सोसायटी आणि घरोघरची मंडळी जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. नियम देशभर एकच आहेत. पण आमच्याकडे पंधरा ऑगस्ट म्हणजे श्रावणाच्या सरी, खारा वारा आणि गंजलेली कप्पी. त्यामुळे किनाऱ्यावर झेंडा चढवण्यापेक्षा तो वेळेवर उतरवण्याकडे आणि नीट ठेवण्याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं, असं आमचं ठाम मत आहे. उत्तरांचा कलही तसाच दिसेल.

तिरंगा राष्ट्रध्वज नेमका कधी झाला?

22 जुलै 1947 रोजी. संविधान सभेत पंडित नेहरूंनी ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. आडवे तीन सारखे पट्टे, वर केशरी, मध्ये पांढरा, खाली हिरवा. पांढऱ्या पट्ट्यावर निळं अशोकचक्र, आऱ्या 24. लांबी-रुंदीचं प्रमाण 3:2. लाल किल्ल्यावर नेहरूंनी तो पहिल्यांदा फडकवला 16 ऑगस्ट 1947 रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या दुसऱ्या दिवशी. पंधरा तारखेला लाल किल्ल्यावर, हे बरेच जण गृहीत धरून चालतात.

त्याआधी कोणते झेंडे होते? त्यात कोकणाचं काही आहे का?

आहे की. 1906 साली कलकत्त्यात एक तिरंगी झेंडा फडकला. 22 ऑगस्ट 1907 रोजी जर्मनीत श्टुटगार्टच्या समाजवादी परिषदेत मादाम भिकाईजी कामांनी हिंदुस्थानचा झेंडा परक्या भूमीवर उंचावला. त्यावर मधल्या पट्ट्यात देवनागरीत ‘वन्दे मातरम्’ लिहिलेलं होतं. तो झेंडा पुढे गुपचूप भारतात आणला गेला आणि पुण्याच्या केसरीवाड्यात जपून ठेवला गेला.

मग आला होमरूलचा झेंडा. 1917 साली ॲनी बेझंट आणि लोकमान्य टिळक यांच्या चळवळीने तो वापरला. पाच तांबडे आणि चार हिरवे पट्टे, सप्तर्षींच्या मांडणीतले सात तारे, आणि कोपऱ्यात चक्क युनियन जॅक! आज तो कोपरा बघून भुवया उंचावतात. पण तेव्हाची मागणी साम्राज्याच्या आत राहून स्वराज्याची होती, आणि झेंडा मागणीशी प्रामाणिक होता. टिळकांचा जन्म 1856 चा, रत्नागिरीतला. टिळक आळीतलं त्यांचं घर आता स्मारक आहे. रत्नागिरीतल्या मुलांना या झेंड्याचं चित्र निदान एकदा तरी काढायला द्यावं.

1921 साली बेझवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, आंध्रच्या पिंगळी वेंकय्या यांनी गांधीजींपुढे झेंड्याचा आराखडा ठेवला. तांबडा आणि हिरवा असे दोन पट्टे होते. त्यात पांढरा पट्टा आणि चरखा आला. हाच चरख्याचा झेंडा घेऊन 1923 साली नागपुरात झेंडा सत्याग्रह झाला आणि हजारो माणसं तुरुंगात गेली. 1931 साली काँग्रेसने केशरी, पांढरा, हिरवा हा क्रम ठरवला. 1947 साली चरख्याच्या जागी सारनाथच्या सिंहस्तंभावरचं चक्र आलं. चक्र दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं, चरखा तसा दिसत नाही, हे एक व्यवहारी कारण नेहरूंनीच सभेत सांगितलं होतं.

तेरेखोल आणि पत्रादेवीचा झेंड्याशी काय संबंध?

हा प्रश्न सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडून येतो आणि याचं उत्तर थोडक्यात देता येत नाही.

1947 नंतरही गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. तेरेखोलचा किल्ला नदीच्या उत्तर तीरावर, म्हणजे रेडी-आरोंद्याच्या बाजूला, पण ताबा पोर्तुगीजांचा. 15 ऑगस्ट 1954 रोजी गोमंतकीय सत्याग्रहींची तुकडी किल्ल्यात शिरली आणि तिने तिथे तिरंगा चढवला. दुसऱ्या दिवशी त्यांना पकडून तुरुंगात टाकलं. किल्ला एक दिवस तेवढा मोकळा होता.

पुढच्या वर्षी, 15 ऑगस्ट 1955 रोजी, देशभरातून आलेले सत्याग्रही बांद्याच्या पलीकडे पत्रादेवीला आणि इतर ठिकाणी हद्द ओलांडून गेले. हातात झेंडे, शस्त्र एकही नाही. पोर्तुगीज पोलिसांनी गोळीबार केला. पत्रादेवीला पंजाबचे करनैल सिंग तिथेच कोसळले. आज मुंबई-गोवा हायवेवरून जाताना तिथलं हुतात्मा स्मारक लागतं. बहुतेक गाड्या चेकपोस्टच्या गडबडीत न थांबता पुढे जातात. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा अजून व्हायचा होता, हा सगळा भाग रत्नागिरी जिल्ह्यात होता, आणि सत्याग्रहींचं जाणं-येणं, जेवणखाण, जखमींची शुश्रूषा हद्दीच्या अलीकडच्या गावांनी केली. गोवा मुक्त झाला 19 डिसेंबर 1961 रोजी.

रंगांचा अधिकृत अर्थ काय? केशरी हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा असं आहे का?

नाही. ठराव मांडतानाच नेहरूंनी सांगितलं की या झेंड्याला जातीय अर्थ चिकटवू नये. त्याच सभेत डॉ. राधाकृष्णन यांनी अर्थ उलगडला: भगवा त्यागाचा, पांढरा प्रकाशाचा आणि सत्याच्या वाटेचा, हिरवा मातीशी आणि झाडझाडोऱ्याशी असलेल्या नात्याचा, आणि चक्र धर्माचं, गतीचं. धर्म म्हणजे इथे पंथ नव्हे, नीतीनियम.

चक्राच्या 24 आऱ्यांचे 24 सद्गुण सांगणारी यादी दर वर्षी फिरते. वाचायला छान आहे, पण ती ठरावात नाही. भाषणात सांगायची असेल तर ‘अधिकृत’ म्हणून सांगू नका.

हे सगळे नियम कुठे लिहिलेत?

मुख्य दोन ठिकाणी. भारतीय ध्वजसंहिता, 2002, जी 26 जानेवारी 2002 पासून लागू झाली. आणि राष्ट्रीय प्रतिष्ठेचा अवमान रोखणारा 1971 चा कायदा. संहिता कसं वागावं ते सांगते, कायदा अवमानाची शिक्षा सांगतो: तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. जोडीला बोधचिन्हं आणि नावांचा गैरवापर रोखणारा 1950 चा कायदा आहे, पण त्याचा संबंध मुख्यतः जाहिराती आणि धंद्याशी.

घरावर रोज लावता येतो का? रात्री ठेवला तर?

दोन्ही येतं. 2002 पूर्वी सामान्य माणसाला ठरावीक दिवस सोडले तर घरावर झेंडा लावायची मुभा नव्हती. संहितेने ती दिली, आणि 23 जानेवारी 2004 रोजी नवीन जिंदाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने झेंडा फडकवणं हा नागरिकाचा मूलभूत हक्क असल्याचं म्हटलं. सूर्योदय ते सूर्यास्त ही अट जुलै 2022 मध्ये सैल झाली. उघड्यावर किंवा नागरिकाच्या घरावर झेंडा आता रात्रंदिवस राहू शकतो.

राहू शकतो म्हणजे राहिलाच पाहिजे असं नाही. आमचा सल्ला विचाराल तर किनाऱ्याजवळच्या घराने संध्याकाळी दिवेलागणीला झेंडा उतरवावा. 2022 साली घरोघरी लागलेले कितीतरी झेंडे गणपती आले तरी पत्र्याच्या कडेला चिंध्या होऊन लोंबत होते. मुभा मिळाली ती फडकवायची, विसरायची नव्हे.

“झेंडो पावसात भिजलो तर चालता काय?”

चालता. झेंडा हवामान बघून लावायचा नसतो, पावसात फडकला म्हणून अवमान होत नाही. चालत नाही ते हे: पाण्यात लोळणं, जमिनीला टेकणं, आणि फाटलेला, विटलेला झेंडा तसाच फडकत ठेवणं. संहितेत हे तिन्ही स्पष्ट आहे.

भिजलेला झेंडा उतरवला की लगेच घडी घालून कपाटात टाकू नका. आठ दिवसांत बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते पांढऱ्या पट्ट्यावरून कशानेही जात नाहीत. आधी गोड्या पाण्यातून हलक्या हाताने काढा, कारण मीठ कापडात राहिलं की ते दमटपणा धरून ठेवतं. मग पडवीत किंवा माजघरात, दोरीवर पूर्ण पसरून, सावलीत वाळवा. बाहेरच्या कपड्यांच्या दांडीवर, टॉवेल-परकराच्या रांगेत नको.

कुठल्या कापडाचा घ्यावा आणि केवढा?

डिसेंबर 2021 च्या दुरुस्तीपासून हातमागाची खादीच हवी असं राहिलेलं नाही. सुती, लोकर, रेशीम, खादी आणि पॉलिएस्टर, हाताने किंवा यंत्रावर केलेलं, सगळं चालतं. प्लास्टिक नाही.

आता व्यवहाराचं. खादीचा झेंडा दिसायला देखणा, पण पावसात पाणी पिऊन जड होतो आणि काठीला गुंडाळून बसतो. पॉलिएस्टर पटकन सुकतं, पण वाऱ्यात मोकळी कड आधी उसवते. शाळा-ग्रामपंचायतीने समारंभासाठी खादी ठेवावी. कर्नाटकात हुबळीजवळ बेंगेरीला आणि आपल्याकडे नांदेडला खादीचे प्रमाणित झेंडे तयार होतात. घरी रोज लावायचा असेल तर पॉलिएस्टर बरं.

मापं नऊ ठरलेली आहेत, 6300 × 4200 मिलिमीटरपासून टेबलावरच्या 150 × 100 पर्यंत. घरासाठी 900 × 600 पुष्कळ झाला. सड्यावरच्या किंवा खाडीच्या तोंडावरच्या घरांनी हौसेने मोठा घेऊ नये. वाऱ्याचा ताण काठीवर येतो आणि काठी पत्रा घेऊन जाते. कड उसवायला लागली की पहिल्याच दिवशी धावदोरा घाला. फाटेपर्यंत थांबून मग तेवढा भाग कापून शिवला तर 3:2 चं प्रमाण जातं.

शाळेत दर वर्षी ऐन वेळी झेंडा अडकतो. काय करावं?

तेरा ऑगस्टला तालीम करा, ती सुद्धा दोरी ओली करून. एवढं केलं तरी निम्मे घोळ टळतात.

जांभ्या चिऱ्याचा चौथरा, त्यात रोवलेला लोखंडी पाइप, टोकाला कप्पी, अशी आपल्याकडची रचना. ती कप्पी जूनपासून खारी हवा खात असते. चाक गंजून आखाला धरतं आणि दोरी चाकावरून फिरण्याऐवजी नुसती घासत राहते. तेल फक्त चाकाच्या कडेला लावून उपयोग नाही, आखाच्या दोन्ही टोकांना सोडावं लागतं. दर वर्षी हा खेळ नको असेल तर पितळी किंवा स्टेनलेस स्टीलची कप्पी एकदाच बसवा. दोरी नायलॉनची घ्या. काथ्याची ओली झाली की फुगून कप्पीत रुतते. आणि काठीवर सहावीतल्या पोराला चढवू नका, पाइप ओला असतो.

बांधताना केशरी बाजू दोरीच्या वर जाणाऱ्या टोकाला आहे ना, ते एकाने बांधावं आणि दुसऱ्याने बघावं. केशरी खाली गेलेला झेंडा चढला की सगळ्यांत आधी पहिलीतल्या मुलांच्या लक्षात येतं, आणि पाहुण्यांच्या सगळ्यांत शेवटी.

झेंडा चढवायचा झपाझप, उतरवायचा सावकाश. चढताना आणि राष्ट्रगीताच्या वेळी सगळ्यांनी झेंड्याकडे तोंड करून सावधान उभं राहायचं. छत्री? मुलांना भिजवून देशभक्ती शिकवायची गरज नाही. शेड असेल तर शेडमध्ये उभं करा, नसेल तर सर ओसरेपर्यंत पाच मिनिटं थांबा. राष्ट्रगीत सुमारे 52 सेकंदांचं आहे, पाऊस तेवढी उसंत देतो.

15 ऑगस्ट आणि 26 जानेवारीच्या पद्धतीत फरक आहे का?

प्रथेने आहे. स्वातंत्र्यदिनी झेंडा खालून वर चढवतात. प्रजासत्ताकदिनी तो घडी करून आधीच टोकाला बांधलेला असतो आणि दोरी ओढून उलगडतात. दिल्लीत पहिला मान पंतप्रधानांचा, दुसरा राष्ट्रपतींचा. गावात दोन्ही दिवशी टोकाला बांधूनच फडकवतात. त्यावरून भांडू नका. सुरगाठ नीट बसली आहे का तेवढं बघा. घडीत फुलांच्या पाकळ्या ठेवायला कायद्याने मुभा आहे. पाकळ्याच ठेवा, अख्खी झेंडूची फुलं भरली तर गाठ घट्ट बसते आणि सरपंच दोरी ओढत राहतात.

आपल्याकडे 1 मे रोजी महाराष्ट्र दिनालाही ध्वजारोहण असतं. मुख्य शासकीय कार्यक्रमाची वेळ परिपत्रकात येते. बाकीच्यांनी त्याच्या आधी किंवा नंतरची वेळ धरावी, म्हणजे लोकांना दोन्हीकडे जाता येतं.

होडीवर, ट्रॉलरवर झेंडा लावला तर चालेल का?

काठीवर ताठ लावलेला, स्वच्छ, केशरी वर असलेला झेंडा आणि होडीवर पांघरलेला झेंडा यात फरक करा. वाहन, रेल्वे, होडी किंवा विमान यांच्या टपावर, बाजूंवर, मागे झेंडा पांघरायला संहितेत साफ मनाई आहे. म्हणजे नारळी पौर्णिमेला केबिनवर तिरंगा ताडपत्रीसारखा टाकायचा नाही आणि नाळेवर खिळ्यांनी ठोकायचा नाही. पाण्यात लोळता कामा नये हा नियम तर होडीसाठीच लिहिल्यासारखा आहे: झेंडा इतका खाली बांधू नका की लाट आली की त्याचं टोक बुडेल.

खरी अडचण पुढे येते. सणाला झेंडा लागतो, दुसऱ्या दिवशी बोट मासेमारीला जाते आणि झेंडा तिथेच राहतो. डिझेलचा धूर, मासळीचं पाणी, जाळ्यांची ओढाताण. दोन फेऱ्यांत तो ओळखू येत नाही. सण झाला की उतरवून घरी न्या. हे काम तांडेलाने, म्हणजे बोटीच्या म्होरक्याने, एका खलाशाच्या नावावरच टाकावं. आणि पावसाळ्यासाठी होड्या ओढून झापांनी शाकारता, तेव्हा डोलकाठीवर झेंडा राहिलेला नाही ना, ते बघा.

मोठ्या व्यापारी जहाजांवर लाल रंगाचा, कोपऱ्यात तिरंगा असलेला झेंडा दिसतो. तो भारतीय व्यापारी जहाजांचा वेगळा ध्वज आहे. कुणी तिरंग्याची मोडतोड केलेली नाही.

नौदलाचा झेंडा बदलला तो कसा आहे?

2 सप्टेंबर 2022 रोजी कोचीत आयएनएस विक्रांत नौदलात आली त्याच दिवशी नवा ध्वज आला. इंग्रजी काळापासून चालत आलेला लाल क्रॉस गेला. कोपऱ्यात तिरंगा, आणि पांढऱ्यावर निळ्या अष्टकोनात नांगर, त्यावर भारताची सिंहमुद्रा, खाली ‘शं नो वरुणः’. अष्टकोनाची प्रेरणा शिवाजी महाराजांच्या मुद्रेची, त्याची सोनेरी किनार दुहेरी. पुढच्या वर्षी, 4 डिसेंबर 2023 रोजी, नौदल दिन मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या साक्षीने झाला. हा ध्वज नौदलाचा आहे, घरावर लावायचा नाही.

किल्ल्यावर, देवळावर भगवा असतो. शेजारी तिरंगा लावला तर?

एकाच काठीवर दोन्ही नको. तिरंग्याहून उंच किंवा त्याच्या बरोबरीने शेजारी दुसरा कुठलाही झेंडा नको, मग तो देवाचा असो, मंडळाचा असो की पक्षाचा. देवळाच्या शिखरावरचा ध्वज तिथेच असतो आणि तो कुणी उतरवायला सांगत नाही. तिरंग्याची काठी देवळाला चिकटून न रोवता मोकळ्या अंगणात वेगळी रोवा. किल्ल्यांचं म्हणाल तर सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग ही केंद्राची संरक्षित स्मारकं आहेत. तिथे परवानगीशिवाय काठी रोवायला खोदकाम करू नका.

गाडी, टी-शर्ट, केक, रांगोळी, हार?

गाडीच्या बॉनेटवर झेंडा लावायचा अधिकार राष्ट्रपती, राज्यपाल, मंत्री, न्यायाधीश अशा ठरावीक पदांनाच आहे. कपड्यांत कमरेखाली, आणि रुमाल, उशी, अंतर्वस्त्रांवर नाही. झेंड्यावर कसलीही अक्षरं नाहीत, मंडळाचं नाव तर नाहीच. झेंड्यावर किंवा काठीच्या टोकाला हार नाही. केक कापायच्या आधी आणि रांगोळी पुसायच्या आधी चक्र काढायचंच कशाला, याचा विचार करा.

भिंतीवर उभा लावताना केशरी कुठल्या बाजूला?

समोरून बघणाऱ्याच्या डाव्या हाताला.

गावात कुणी गेलं तर झेंडा अर्ध्यावर आणायचा का?

नाही. सरकारी आदेशानेच अर्ध्यावर येतो. आदेश आला तर आधी पूर्ण वर न्यायचा, मग अर्ध्यावर. संध्याकाळी उतरवताना पुन्हा वर नेऊन मग खाली. शवपेटीवर किंवा तिरडीवर तिरंगा फक्त शासकीय, सैन्य आणि निमलष्करी दलांच्या इतमामात, केशरी डोक्याच्या बाजूला. दफनाआधी, अग्नीआधी तो काढून घेतात.

घडी कशी घालायची?

दोघं लागतात. झेंडा आडवा धरायचा. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडायचा. मग पांढरा पट्टा दोन्ही टोकांकडून आत आणायचा, इतका की वर अशोकचक्र राहील आणि केशरी-हिरव्याची थोडी कड दिसेल. दोन्ही तळहातांवर घेऊन जागेवर ठेवायचा. सुती पिशवीत ठेवा, डांबरगोळी नको, तिचे डाग पडतात. महिन्यातून एकदा उघडून हवा द्या. कसर आणि झुरळं कोकणात कुठल्याच कपाटाला चुकलेली नाहीत.

फाटलेल्या, जुन्या झेंड्याचं काय करायचं?

संहिता सांगते की तो संपूर्ण नष्ट करावा, खाजगीत, शक्यतो जाळून, सन्मानाने. व्हिडिओ नको. कागदी झेंडेही जमिनीवर न टाकता असेच.

‘समुद्रात सोडला तर?’ असं गणपतीच्या सवयीने विचारतात. नको. भरतीबरोबर तो पुळणीवर परत येतो. सोळा ऑगस्टला पहाटे किनाऱ्यावर चालून या, ओहोटीने सोडलेल्या कचऱ्याच्या रेषेत बाटल्या, थर्माकोल आणि त्यांच्यात काडीसकट प्लास्टिकचे तिरंगे दिसतील. त्यातले बरेच गटारातून खाडीत आणि खाडीतून समुद्रात आलेले असतात. शाळांनी प्लास्टिकचे आणूच नयेत, आणि कागदी वाटले तर त्याच दिवशी दारात टोपली घेऊन परत गोळा करावेत.

दुसऱ्याचा झेंडा उलटा किंवा फाटलेला दिसला तर तक्रार कुठे करायची?

आधी त्या घरी जा आणि सांगा. उलटा बांधला असेल तर दहापैकी नऊ वेळा घाई झालेली असते किंवा म्हाताऱ्या माणसाने चष्म्याशिवाय बांधलेला असतो. हाताशी वेळ असेल तर तुम्हीच उतरवायला हात लावा. फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. जाणूनबुजून जाळला, तुडवला, विटंबना केली असं दिसलं तर ते प्रकरण वेगळं, तेव्हा पोलीस पाटलांना किंवा जवळच्या ठाण्याला कळवा.